कंबरेचा पट्टा, पाच एकर

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सगळं खरं धरलं, तर दुसऱ्या महायुद्धात जपानला हरवलं ते आमच्या तालुक्यानं. गेली सोळा वर्षं मी लढाईच्या काळातलं सामान जमवतो. बिल्ले, बटणं, पाण्याच्या बाटल्या, कोंबडी ज्यात अंडी घालायची असं एक हेल्मेट, आणि पट्टे. प्रत्येक वस्तूबरोबर एक आजोबा फुकट मिळतो. आजोबा ब्रह्मदेशात होता आणि त्यानं जपानी अधिकारी मारला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. त्या अधिकाऱ्याच्या तीन तलवारी माझ्याकडे आल्या. त्यातल्या दोन नवरदेवानं लग्नात धरायच्या होत्या, तिसरी उसाची कोयती. माझी बायको शुभांगी म्हणते, "लोकाच्या आज्यांनी घर भरलं. आपला आजा कुठं ठेवाचा?"

मी डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या ऑफिसात प्रगती नावाची क्लार्क आहे. एकदा पगाराच्या कागदावर सही घेताना ती म्हणाली, "सर, तुमी लढाईच्या वस्तू जमवता म्हने. आमच्या आजीजवळ पणजोबाचा पट्टा हाय. लढाईतला. साहेबानं देल्लेला."

आमच्या जिल्ह्यात पट्टा म्हणजे दोन गोष्टी. एक कंबरेला बांधतात. दुसरा निजामाच्या काळापासून चालत आलेला शब्द, जमिनीच्या मालकीचा कागद. एकानं पँट टिकते, दुसऱ्यानं कुटुंब. प्रगती दुसऱ्याबद्दल बोलत होती, मी पहिला ऐकला. अर्थशास्त्राच्या माणसाला खरं तर जमीन ऐकू यायला पाहिजे होती. पण छंदाला एकच कान असतो.

"मी येतो बघायला," मी म्हणालो. "पसंत पडला तर घेईनही. वाजवी किंमत देईन म्हणावं."

प्रगती कामाला चोख. हा निरोप तिनं एक अक्षर न बदलता घरी कळवला.

सावरखेडा हे गाव गुडीहत्नूरच्या हायवेवरून सहा किलोमीटर आत आहे. गुरुवारी सकाळी साडेदहाला मी पोचलो, तेव्हा अंगणात चार माणसं उभी होती. त्यातला पन्नाशीचा पुढे आला. हा प्रगतीचा बाप, वामन.

"जय भीम," मी म्हणालो.

"जय भीम." त्यानं माझ्या मोटरसायकलची चावी काढून घेतली. "सावलीत लावतो," म्हणाला आणि चावी खिशात टाकली. गाडी उन्हातच राहिली.

बाजेवर प्रगतीची आजी सोजरबाई बसली होती. पंचाहत्तरीची, कपाळावर गोंदण, मांडीवर बिस्किटांचा जुना टिनाचा डबा. डब्यावर दोन्ही हात, जसा एखाद्या लेकरावर ठेवावा.

"पट्टा पाहाले आले तुमी?"

"हो आजी."

"काऊन?"

"छंद आहे. घरी अकरा आहेत माझ्याकडे."

अंगणात एकदम शांतता झाली. मला वाटलं, छाप पडली.

"अकरा," वामन म्हणाला. "कोनाचे?"

"असेच. ज्यांना किंमत कळत नाही त्यांचे. इच्चोड्याच्या एका म्हातारीनं तर दोनशे रुपयांत देऊन टाकला. तिच्या पोरांना माहीतही नव्हतं, घरात असं काही आहे म्हणून."

"आन् म्हातारी?"

"वारली बिचारी. मागच्या वर्षी."

मागे कोणीतरी कुदळीचा दांडा जमिनीवर ठोकून घट्ट बसवायला लागलं. ठक. ठक. गुरुवार हा कामाचा वार असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

"आमचा केवढा हाय, अंदाज हाय तुमाले?" सोजरबाईनं विचारलं.

"लढाईच्या वेळचे सगळे साधारण एकाच मापाचे असतात. फार मोठे नाहीत. वापरून किनारी तेवढ्या खराब झालेल्या असतात."

"किनारी उद्धवरावानं खाल्ल्या," वामन म्हणाला. "दोन्हीकून."

उद्धवराव हे त्यांच्याकडे घुशीला लाडानं म्हणत असावेत, असा माझा समज झाला. "मग किनारी कापून टाकायच्या," मी म्हणालो. "मी तसंच करतो. मधला तुकडा चांगला निघाला की झालं."

ठोकणं थांबलं. एकानं जाऊन अंगणाचं फाटक लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. मी काहीतरी भयंकर बोललो होतो एवढं कळलं. काय, ते कळेना. असल्या वेळी माणूस बोलतच राहतो.

"तुम्हाला सगळा द्यायचा नसेल तर नका देऊ," मी म्हणालो. "मला खरं म्हणजे बकल पाहिजे. पितळेचं."

"बकल?" सोजरबाई म्हणाली.

मी दोन्ही हातांनी स्वतःच्या कंबरेकडे दाखवलं. मग घाईघाईनं फोनमधला भिंतीचा फोटो काढला: अकरा पट्टे, अकरा खिळ्यांना. फोन हातोहात फिरला. कुदळवाल्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि तोंडावर हात धरून हसू दाबलं. सोजरबाई मात्र हसली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कंबरेचे पट्टे जमवून राह्यले तुमी? लोकायच्या कंबरेचे?"

"हो."

"आन् पगार कशाचा भेटते?"

चावी परत मिळाली. चहा आला. एवढ्यावर मी निघालो असतो तर ही गोष्ट मी शुभांगीला हसत सांगितली असती. पण सोजरबाईनं डबा उघडला.

"शिकेल मानूस हाय तुमी. इंग्रजी येते. आता आलेच हाय तं वाचून द्या. आज बारा वाजता शाळेत टेबल लागनार हाय."

वामननं सांगितलं ते असं. एमआरओ ऑफिसची, म्हणजे तहसीलची माणसं जमिनीच्या तक्रारी ऐकायला गावात येणार होती. सोजरबाईचे पाच एकर घराण्यात ऐंशी वर्षांपासून, पण जमिनीचं नवं पासबुक कधी झालं नाही, कारण ऑफिसवाल्यांनी कागद मागितला की हे म्हणत, कागद आहे, पण देणार नाही. शेजारचा उद्धवराव आधी धुरे, म्हणजे शेताचे बांध, कोरून आत सरकत होता. आता त्यानं अर्जच टाकला होता, की सगळे पाच एकर त्याच्या बापाचे. आज दोघांनी टेबलावर पुरावे ठेवायचे होते. उद्धवरावाची सून चारुलता हैदराबादेत वकील होती आणि त्यासाठीच काल गावात आली होती.

"आमचा पुरावा पक्का हाय," वामन म्हणाला. "आमचा आजा खुशाल ब्रह्मदेशात लढाईले गेल्ता. तिथं साहेबाचा जीव वाचवला. साहेबानं खूश होऊन निजामाले चिठ्ठी देल्ली, आन् निजामानं पाच एकराचा पट्टा. पटवारी बी आजाले घाबरे. आजा कागद लांबूनच दाखवे. हातात नाही दे कोनाच्या."

"वाचला कोणी?"

"इंग्रजीत हाय. कोन वाचन? प्रगतीनं मांगतला, तिले बी नाही देल्ला मायनं. म्हने तू सासरी जानार."

सोजरबाईनं कागद उलगडला. मी सोळा वर्षांत असे बरेच पाहिले आहेत. वर राजमुकुट असतो, बाजूला अंगठा. घड्या विरलेल्या होत्या, पण टाइपाची अक्षरं स्वच्छ होती. मी वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण मान वर केली असती तर सगळे माझ्याकडे बघत असलेले दिसले असते.

तो लष्करातून काढून टाकल्याचा दाखला होता. खुशाल वल्द तानबा, वय वीस, कामठीच्या छावणीत भरती. एकूण सेवा सत्तेचाळीस दिवस. परदेशी सेवा, नाही. सोडण्याचं कारण: चांगला शिपाई होण्याची शक्यता दिसत नाही. जमिनीचं नाव नाही, निजामाचं नाही. खाली सरकारी सामानाचा हिशोब होता आणि त्यात एकच ओळ भरलेली: कंबरेचा पट्टा, एक, परत जमा नाही.

"काय लिवलं हाय?" सोजरबाईनं विचारलं.

मी कागदाची घडी बोटानं सरळ करत राहिलो.

"सगळं नका सांगू. मले काय समजनार. पट्टा लिवलं हाय का नाही, येवढंच सांगा."

कुदळवाला अजून कुदळीजवळच उभा होता. फाटक बंदच होतं. आणि विचारलेला प्रश्न असा होता, की त्याचं खरं उत्तर 'हो' होतं.

"हो," मी म्हणालो. "पट्टा लिहिलंय."

"पहा!" वामननं मांडीवर थाप मारली. सोजरबाईनं डोळे मिटले, दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. घरातून कोणीतरी साखर आणून माझ्या हातावर ठेवली. खोटं न बोलता इतकं मोठं खोटं आयुष्यात मला जमलं नव्हतं.

"मंग आता तुमीच टेबलापाशी उभे राहून वाचाचा," सोजरबाई म्हणाली. "थ्या वकिलीनबाईसमोर. मोठ्यानं."

उरलेली साखर मुठीत धरून मी उठलो.

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी, सोजरबाई आणि वामन पुढे, बाकीचे मागे. पावणेबारा झाले होते. मी मनात हिशोब केला. टेबलावर हा कागद ठेवला की चारुलता तो अर्ध्या मिनिटात वाचणार. मग 'खोटा कागद दाखवून सरकारला फसवलं' म्हणणार, आणि त्यानंतर सोजरबाईचं खरं बोलणंही कोणी ऐकणार नाही. आणि हा कागद पट्टा आहे असं सांगणारा सुशिक्षित मनुष्य म्हणून माझं नाव लिहून घेतील. खरं सांगायचं तर आधी मला माझं नाव आठवलं, मग तिची जमीन.

पिंपळाखाली मी थांबलो. वामननं मागच्यांना पुढे पाठवलं.

"आजी, हा कागद दाखवू नका. हा तो पट्टा नाही."

"आताच तं हो म्हनले."

"कंबरेचा पट्टा लिहिलाय. सरकारचा पट्टा तुमच्या सासऱ्यानं परत केला नाही म्हणून. ते ब्रह्मदेशात गेलेच नव्हते. कामठीत सत्तेचाळीस दिवस होते, मग घरी पाठवून दिलं. जमिनीबद्दल यात एक अक्षर नाही."

मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत सकाळचाच संशय परत आलेला मी पाहिला.

"सकाळी इकत घ्याले आल्ते तुमी," ती सावकाश म्हणाली. "वाजवी किंमत देतो म्हने. आता कागद वाचला आन् म्हनता, याची काईच किंमत नाही."

"आजी, तसं नाही..."

"उद्धवरावानं किती देल्ले?"

वामन माझ्याजवळ सरकला. त्याचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथेच राहिला, घट्ट. मला एकदम दिसलं की तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. दलाल असंच करतो. आधी किंमत विचारतो, मग माल खोटा आहे म्हणतो. अकरा पट्ट्यांच्या वेळी मीही तसंच केलं होतं. इच्चोड्याच्या म्हातारीला मी म्हणालो होतो, याला कुठं काय किंमत, बाई.

शाळेतून माइकवर पहिलं नाव पुकारलं गेलं. आमच्या हातात फार तर दहा मिनिटं होती.

"बरं, माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणालो. "डब्यात अजून काय आहे?"

"काई नाही. रद्दी."

"दाखवा."

वामननं दंड सोडला नाही, पण डबा त्यानंच उघडला. तळाशी सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. विटक्या चिठ्ठ्या, वरच्या तेलुगूत, खालच्या उर्दूत. उर्दू मला येत नाही, आकडे येतात. तेलुगू चिठ्ठ्यांवर खुशालचं नाव होतं, पुढच्यांवर त्याच्या मुलाचं, आणि प्रत्येकीवर तोच सर्व्हे नंबर. जमिनीच्या साऱ्याच्या पावत्या. सरकारनं सारा घेणं बंद करेपर्यंत, सालामागून साल.

"हे!" मी म्हणालो. "हे ठेवा टेबलावर. जमीन इतकी वर्षं तुम्ही कसता याचा हा पुरावा आहे."

सोजरबाईला ते खरोखर हास्यास्पद वाटलं. "अवो, थ्या तं आमी भरलेल्या पैशाच्या चिठ्ठ्या. आमी देल्ल्याची काय किंमत? साहेबानं देल्लेलं थे खरं."

याला अर्थशास्त्रात उत्तर असेल. मी एवढंच म्हणालो, "आजी, चारुलताबाईला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. हा कागद ती वाचणारच आहे. मी खोटा निघालो तर वामनराव आहेतच इथे. पण ती वाचेल तेव्हा फार उशीर झालेला असेल."

माइकवर तिचं नाव आलं.

सोजरबाईनं दाखला उचलला. त्यावरच्या मुकुटावरून अंगठा फिरवला. मग त्याची घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली, इतक्या जोरानं की शिवण उसवल्याचा आवाज आला.

"मायासंग चला," ती म्हणाली. "माया बाजूलेच उभे राहा. हालाचं नाही."

टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई तेलुगूत बोलत होत्या. वामन उत्तरं देत होता. पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला गेला. त्यांनी सुतळी सोडली, एकेक पावती उलटली, सर्व्हे नंबर ताडून पाहिला. घाई नव्हती. समोर बाकावर उद्धवराव बसला होता, स्वच्छ धोतर, पांढऱ्या मिशा. शेजारी चारुलता, मांडीवर फाइल.

"पावत्या ठीक आहेत," चारुलता मराठीत म्हणाली, फार गोड आवाजात. "पण आजी, लढाईचा पट्टा दाखवा ना. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आम्हालाही बघायचाय."

"काढा ना," उद्धवराव म्हणाला. "ऐंशी वर्सं दाखवून राह्यले. आज काऊन लपवता?"

अधिकारी बाईंनी मान वर केली. अर्धं गाव शाळेच्या ओट्यावर होतं. माझ्या खिशातला कागद श्वासागणिक करकरत होता. तो मला जेवढा ऐकू येत होता तेवढाच सगळ्यांना ऐकू येत असणार, अशी माझी खात्री झाली.

"हे कोण?" चारुलतानं माझ्याकडे बोट केलं.

"प्रगतीचे सर," ओट्यावरून कोणीतरी म्हणालं. "पट्टे पाहाले आले."

"कुठले पट्टे?"

"कंबरेचे," मी म्हणालो.

"पट्टा आहे की नाही?" अधिकारी बाईंनी विचारलं. "असेल तर नोंद करावी लागेल. नंतर आणलेला चालणार नाही."

वामन आईकडे बघत होता. सोजरबाई माझ्याकडे बघत नव्हती, कोणाकडेच नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"हरवला?"

"नव्हताच."

मग उद्धवराव गडगडून हसला. "म्हंजे ब्रह्मदेश बी नव्हता म्हना ना! साहेब बी नव्हता!"

"नव्हता," सोजरबाई म्हणाली. आवाज बारीक, पण शब्द साफ. "मामंजी कामठीहूनच परत आल्ते. सत्तेचाळीस दिवसानं. जमीन त्यायनं सोता फोडली. सारा भरला. थे कागद समोर हाय."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. त्या घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक भांडणात खुशालचा ब्रह्मदेश पुढे केला गेला असणार. वामननं मान खाली घातली. अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. मराठी त्यांना पुरतं कळत नसावं. त्यांनी पावत्यांचे फोटो घेतले, सोजरबाईचा कब्जा आहे असं लिहिलं, आणि दोन्ही अर्जांवर तीच तारीख टाकली. पंधरा दिवसांनी मोजणीवाला येईल, शेजाऱ्यांची जबानी घेईल, मग निकाल. तोवर कोणी शेतात हात घालायचा नाही.

चारुलता फाइल बंद करत होती. जाताना ती माझ्यासमोर क्षणभर थांबली. "मोजणीच्या दिवशी या सर," म्हणाली. "तुमचीही जबानी घ्यायला सांगू आपण."

अंगणात आल्यावर सोजरबाईनं हात पुढे केला. मी कागद दिला. तिनं तो डब्यात न ठेवता कमरेच्या पिशवीत खोचला.

"याच्यात काय लिवलं हाय," तिनं विचारलं, "थे तुमाले सोडून बाहेरच्या कोनाले मालूम हाय?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. म्हणून झाल्यावर लक्षात आलं, की या प्रश्नाला दुसरं काहीही उत्तर दिलं असतं तरी बरं झालं असतं.

तिनं वामनकडे पाहिलं. वामन फाटकाकडे गेला. मला वाटलं, लावायला. तो तिथे नुसता उभा राहिला.

"बसा," सोजरबाई म्हणाली. "जेवल्याबिगर नाही जाचं."

भूक नव्हती. मी बसलो. ज्वारीची भाकर आली, तुरीचं वरण आलं. ती समोर पाट घेऊन बसली आणि चिमटीनं ताटाच्या कडेला मीठ वाढलं. वरणात मीठ होतंच, मी ते पाहिलं होतं. हे वेगळं होतं. कोरडं, जाड, ढीगभर.

"आमचं मीठ हाय," ती म्हणाली. "खा."

मी भाकरीचा तुकडा मिठात बुडवला. तिनं तो माझ्या तोंडात जाईपर्यंत पाहिलं, गिळेपर्यंत पाहिलं. पंधरा दिवसांनी मोजणीवाला येणार होता, चारुलता येणार होती, आणि मला कोणीतरी विचारणार होतं, ऐंशी वर्षं लांबून दाखवलेला तो कागद कुठं आहे आणि त्यात काय लिहिलंय. जीभ चरचरली. डोळ्यांत पाणी आलं.

"आनखी घ्या," सोजरबाई म्हणाली.

मी आणखी घेतलं.